दुपारी उघडणारं कपाट

ही घडलेली गोष्ट आहे.

अमावास्या नव्हती. वीज गेली नव्हती. कुत्री रडत नव्हती.

रविवारची भर दुपार होती. चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये पाच माणसं जागी, शुद्धीवर, पंख्याखाली बसली होती. भुताला अंधार लागतो, पैंजण लागतात, पांढरे कपडे लागतात, असं ज्यांचं मत आहे त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. तसल्या गोष्टी पोत्याने मिळतात.

इथे फक्त एक स्वयंपाकघर आहे. आणि सिंकखालचं कपाट.

त्या घरातली आई त्या रविवारच्या काही महिने आधी गेली. तेव्हा धाकटी मुलगी तिच्या उशाशी होती. दादा रस्त्यात होता. दादा नेहमी रस्त्यातच असायचा. आईच्या ऑपरेशनला रस्त्यात, घर रंगवताना रस्त्यात. पोचायचा मात्र नेमका चहा गाळायच्या वेळी.

आईचं जगात एकाच गोष्टीशी हाडवैर होतं.

ओलीशी.

तिच्या संसारातलं सिंकखालचं पहिलं कपाट तळातून फुगून फुटलं, दुधात बुडवलेल्या पावासारखं. दुसऱ्याचे पापुद्रे सुटले. तिसरं बसवणारा सुतार प्लायच्या कापलेल्या कडा उघड्याच टाकून निघाला होता.

"ताई, आत कोण बघतंय?" तो म्हणाला.

"मी," आई म्हणाली.

तो गेल्यावर तिने स्वतः आत डोकं घालून कडान्‌कडा वॉर्निशने बुजवली.

मग तो तिचा नेमच झाला. दुपारची भांडी झाली, की ती सिंकखाली बसायची. आतल्या बाटल्या, डबे सगळं बाहेर. फरशीवर उंचीप्रमाणे रांग. तळ कोरड्या फडक्याने पुसायचा. मग वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी फाडायची आणि पाइपच्या प्रत्येक जोडाभोवती बांधायची. थेंब आला, की कागद काळा पडतो. कुठून आला तेही कळतं. गाठ मारायची नाही, नुसता पीळ द्यायचा आणि टोक आत खुपसायचं. मग चहाच्या वेळेपर्यंत दारं सताड उघडी. आत वारा खेळायला.

"पाण्याला काय बोलायचं?" ती म्हणायची. "ते बिचारं उतार बघतं. माणसं तेवढंही बघत नाहीत."

दादा या सगळ्याला 'आईची ड्यूटी' म्हणून हसायचा. स्वतः प्यायलेला कप विसळून ठेवणं ही कोणाची ड्यूटी, हे त्याला चाळिशी उलटली तरी उमगलं नव्हतं.

आई गेली आणि बाबा घरात एकटे राहिले.

धाकटी एका शाळेच्या वाचनालयात काम करायची. शाळा सकाळची. दुपारी ती बाबांकडे यायची, सकाळची भांडी घासून गेलेल्या बाईने जे वरवर केलेलं असायचं ते नीट करायची, बाबांशी दोन शब्द बोलून संध्याकाळी आपल्या खोलीवर जायची.

एका मंगळवारी तिला उशीर झाला. तिने किल्लीने दार उघडलं. बाबा आतल्या खोलीत झोपलेले. घर शांत. नळ बंद. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, आणि…

सिंकखालची दारं सताड उघडी होती.

फरशी पुसायच्या औषधाची बाटली. तिच्याशेजारी साबणाची. मग पावडरचा डबा. मग बिजागऱ्यांना घालायच्या तेलाची इवलीशी बाटली.

उंचीप्रमाणे.

ती वाकली. तळ नुकताच पुसलेला होता. फडक्याचे अर्धगोल अजून वाळत होते. आणि पाइपच्या जोडांवर…

कागदाच्या पट्ट्या.

पीळ दिलेल्या. टोक आत खुपसलेल्या.

धाकटी भित्री नव्हती. आधी तिला साधा विचार सुचला, तो म्हणजे बाबांनी केलं असेल. पण बाबांचे गुडघे गेलेले. ते खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागत. हात असे थरथरत, की शर्टाची बटणं गेलं वर्षभर दुसरंच कोणीतरी लावत होतं.

आणि वर्तमानपत्र? आई गेल्यावर बाबांनी ते बंद केलं होतं. घरात रद्दीचा कपटासुद्धा नव्हता.

बाबा उठल्यावर तिने विचारलं.

"तुझी आई येते," बाबा म्हणाले. दूधवाला येतो म्हणावं, तसं.

"दिसते तुम्हाला?"

"छे! आत कोण जातंय बघायला? गेलो तर हातात फडकं देईल."

एवढंच बोलून ते चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता.

गोष्ट इथेच राहती तर बरं होतं. पण बाबांनी तेच, तितक्याच आनंदाने, दादाला फोनवर सांगितलं.

पुढच्याच रविवारी दादा आणि वहिनी हजर. दादा वेळेवर आला यातच काय ते समजायला हवं होतं.

वहिनी घरी केक करून विकायची. तिला बऱ्याच दिवसांपासून जागा हवी होती. ती तिला 'स्टुडिओ' म्हणे. बाबांच्या स्वयंपाकघरात उजेड किती छान येतो, हे तिला आई आजारी असतानाही वारंवार दिसत असे.

"विस्मरणाची सुरुवात असू शकते, असं डॉक्टर म्हणालेत," दादाने जाहीर केलं.

"कुठले डॉक्टर? त्यांनी बाबांना तपासलं कधी?" धाकटीने विचारलं.

"फोनवर विचारलं. शिकलेल्या माणसाला लक्षणं सांगितली की कळतं." त्याने आवाज खाली आणला. "एक निवास आहे. फार चांगला. बाग आहे, नर्स आहे. तिथे ठेवू या."

वृद्धाश्रम हा शब्द दादा उच्चारत नसे. त्याला तो गावंढळ वाटे. बापाला तिथे नेऊन ठेवणं मात्र वाटत नसे.

"आम्ही काही त्यांना टाकत नाही आहोत हं," वहिनी म्हणाली. कोणी तसं म्हटलेलं नव्हतं.

मग दादा कपाटाकडे वळला. कुठेतरी वाचून त्याने उंच काठाची रबरी मॅट आणली होती, आणि सिलिकॉनची नळी. तो मॅट तळावर अंथरायला लागला.

"दादा, खालचा प्लाय दमट लागतोय हाताला. आधी वाळू दे. आणि पाणी येतंय कुठून तेही बघायला हवं."

"तू तुझी पुस्तकं लाव गं. हे टेक्निकल आहे. आता वीस वर्षं आत बघायला नको."

त्याने मॅट तळावर दाबली आणि चारही बाजूंनी सिलिकॉन फिरवलं. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने दोन्ही दारांवर आडवी लाकडी पट्टी ठेवली आणि स्क्रू मारून दारं बंद करून टाकली.

"आता उघडून दाखवू दे बाबांना. नाही उघडलं, म्हणजे आधी तेच उघडत होते. उघडलं, तरी तेच."

अशी बुद्धी जन्मजातच असावी लागते. शिकून येत नाही.

स्क्रूड्रायव्हर त्याने आपल्या बॅगेत टाकला आणि बाबांच्या देखत चेन ओढली.

आठवडाभर कपाट बंद राहिलं. बाबांची दुपारची झोप उडाली. कान स्वयंपाकघराकडे लावून ते आरामखुर्चीत बसून राहत.

शनिवारी त्यांनी धाकटीचा हात धरला.

"बाळ, मला इथून हलवू नका. मी गेलो तर ती येऊन बघेल, तर घरात कोणीच नाही."

धाकटीने मान हलवली. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या नव्हतं. आई गेल्यापासून तिच्या डोळ्यांना ते जमलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निवासाच्या बाई येणार होत्या. बाबांशी बोलून त्या होकार देणार, आणि एक तारखेला बाबा निघणार. दादाने बाबांची बॅगही आणली होती. नवी कोरी, चाकांची.

तोच तो रविवार.

बाई वेळेवर आल्या. कोचाच्या टोकाला बसल्या, मांडीवर फाइल. त्यांच्यासमोर आरामखुर्चीत बाबा. दादा आणि वहिनी शेजारी-शेजारी, कार्यक्रम ठरवलेल्या माणसांसारखे. धाकटीने जेवणाची भांडी धुतली, हात पुसले आणि येऊन दाराशी बसली.

"आजोबा, आज वार कोणता?" बाईंनी लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

"का? तुमच्याकडे कॅलेंडर नाही?"

"बाबा ना, गमती करतात हं," वहिनी घाईने म्हणाली.

"रविवार आहे," बाबा म्हणाले. "मुलगा आलाय म्हणजे रविवारच. बाकीच्या वारी त्याला बाप नसतो."

दादा हसला. हसून घेतलं, की टोमणा लागला नाही असं त्याला वाटतं.

"बरं, आणि ते कपाट कोण उघडतं आजोबा?"

बाबांनी मान किंचित तिरपी केली. काहीतरी ऐकावं तशी.

"थांबा की जरा," ते म्हणाले. "भांडी आत्ताच झालीत."

वहिनीने बाईंकडे पाहून भुवया उडवल्या. बघा, म्हणत होते ना.

आणि तेवढ्यात…

किर्र.

लाकडात स्क्रू फिरल्याचा आवाज. सावकाश. अर्धा फेरा. थांबून पुन्हा अर्धा फेरा.

किर्र… किर्र…

टण्‌.

काहीतरी फरशीवर पडलं. पडून गडगडलं. आणि मधेच थांबलं, कोणीतरी वरून बोट ठेवावं तसं.

दादाचा हात आपोआप पायाशी असलेल्या आपल्या बॅगेवर गेला. त्याने चेन उघडली. स्क्रूड्रायव्हर आतच होता.

"वरच्या मजल्यावर काम चालू असेल," वहिनी म्हणाली.

"वर गच्ची आहे, वहिनी."

किर्र… टण्‌.

पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. बाईंनी पेन उघडलं होतं ते तसंच हातात राहिलं.

मग काही वेळ काहीच नाही…

आणि मग चर्रर्र करून असा आवाज आला, की धाकटीच्या दातांत कळ गेली. काहीतरी चिकटवलेलं, एका दमात, मुळापासून उपटलं गेलं होतं. पाठोपाठ हॉलमध्ये वास आला. कुजलेल्या, कोंडलेल्या, ओल्या लाकडाचा.

टक्‌. बाटली फरशीवर ठेवली गेली.

टक्‌.

टक्‌.

आणि मग फडकं. लाकडावर फिरणारं फडकं. हा आवाज धाकटी झोपेतही ओळखेल. दोनदा जोरात, एकदा हलके.

बाबांनी डोळे मिटले होते. ते चक्क हसत होते.

फडकं थांबलं. घर इतकं शांत झालं, की खालच्या रस्त्यावरून सायकल गेली तेही ऐकू आलं.

"धाकटे, तू बघून ये," दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटलेल्या नळासारखा येत होता.

"मी कशी जाऊ? ते टेक्निकल आहे ना."

शेवटी सगळेच गेले. बाबा सोडून.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. खिडकीची कडी आतून लावलेली. उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडलेला, आणि त्या उन्हात रांग. बाटल्या, डबा, तेलाची बाटली. आणि तिच्यापुढे दादाचे स्क्रू, डोक्यावर उभे केलेले. शेवटी आडवी पट्टी, भिंतीला टेकवून.

मॅट कचऱ्याच्या डब्यात होती. गुंडाळी करून, खाली दाबलेली. आईची ही जुनीच रीत. नावडत्या वस्तूवर ती कधी चर्चा करत नसे.

कपाटाचा तळ काळा पडला होता. दादाच्या मॅटखाली आठवडाभरात प्लाय फुगून वर आला होता. पाणी भिंतीकडच्या जोडातून येत होतं, पाइपामागून उतरत होतं आणि मॅटच्या खाली शिरत होतं. वीस वर्षं बघायला नको म्हणून दादाने त्याला वरून झाकण घातलं होतं.

जोडांवर कागदाच्या पट्ट्या होत्या. भिंतीकडची काळी झाली होती.

"जुनी इमारत आहे," दादा म्हणाला. "प्लाय फुगला की स्क्रू आपोआप बाहेर ढकलले जातात. सायन्स आहे ते."

"आणि मॅट? ती काय स्वतःच्या पायांनी डब्यात गेली?"

वहिनीने दादाचा शर्ट मागून घट्ट धरला होता. स्वयंपाकघरात उजेड छान येतो, हे तिच्या तोंडून त्यानंतर कोणी ऐकलं नाही.

बाईंनी फाइल मिटली. "आजोबा पूर्ण वेळ माझ्यासमोर होते," त्या म्हणाल्या. त्या दुपारी त्या घरात कोणी बोललेलं शहाणपणाचं वाक्य ते एवढंच. मग त्या म्हणाल्या, की निवासात सध्या जागाच नाही. मागे वळूनही न बघता त्या जिना उतरून गेल्या. त्यांच्यामागोमाग दादा आणि वहिनी. नवी बॅग इथेच राहिली.

बाबा घरातच राहिले. धाकटी आपली खोली सोडून त्यांच्याकडे राहायला आली.

तिने प्लंबर बोलावून जोड बदलून घेतला. तळाचा प्लाय नवा बसवला, बसवण्याआधी कडा वॉर्निशने बुजवल्या. दुपारची भांडी झाली, की तीच खाली बसून सगळं बाहेर काढायची, पुसायची, वाचनालयातून आणलेल्या रद्दीच्या पट्ट्या बांधायची. कागद कोरडे राहत. महिनाभर कोरडे राहिले.

आणि आवाज बंद झाले.

यात आनंद मानायला हवा होता. धाकटीला तो मानता येईना. एका दुपारी बाबा झोपल्यावर ती स्टूल घेऊन उघड्या कपाटासमोर बसली. बराच वेळ बसली. उन्हाचा चौकोन सरकत भिंतीवर चढला.

"आई," ती हळूच म्हणाली.

काही नाही.

हाक मारल्यावर हातातलं काम टाकून येणाऱ्यांतली आई नव्हतीच. ती म्हणायची, हाका काय मारता, तिथूनच बोला, मला ऐकू येतं.

धाकटी उठणार, तेवढ्यात…

फडक्याचा आवाज आला.

दोनदा जोरात. एकदा हलके.

कपाटातून नव्हे. बाबांच्या खोलीतून.

ती धावली. बाबा पाठीवर सरळ झोपले होते. चादर अंगाखाली ताणून बसवलेली, एक सुरकुती नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसलेलं, केसांचा भांग पाडलेला. पलंगाखालचं, टेबलावरचं सगळं बाहेर काढलेलं. आधाराची काठी. पाण्याचा तांब्या. औषधांच्या बाटल्या. चष्म्याचं घर. सपाता.

उंचीप्रमाणे.

बाबांच्या मनगटावर काहीतरी होतं. तिने पांघरूण बाजूला केलं, आणि…

कागदाच्या पट्ट्या.

दोन्ही मनगटांवर. कोपरांवर. गुडघ्यांवर. घोट्यांवर.

पीळ दिलेल्या. टोकं आत खुपसलेल्या.

सगळ्या कोरड्या होत्या. फक्त घोट्यांवरच्या दोन काळ्या पडल्या होत्या.

धाकटीने बाबांच्या पायावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. पायांत पाणी साठलंय म्हणाले. हृदय थकलं की असं होतं. आत्ता दिसलं ते बरं झालं, एरवी अशा गोष्टी फार उशिरा लक्षात येतात. त्यांनी गोळ्या दिल्या.

म्हणजे आईने दाखवून दिलं. नेहमीसारखं. जिथे कोणी बघत नव्हतं तिथे ती बघत होती. धाकटीने स्वतःला हे सांगितलं, आणि एक रात्र ते पुरलंही.

पण गोळ्या सुरू होऊनही पट्ट्या येतच राहिल्या. रोज दुपारी. धाकटी खोलीतून हलत नाही, पलंगाला खेटून बसते, डोळे उघडे ठेवते. कधीतरी पापणी जड होते. इतकंच. आणि पाहते तर रांग लागलेली असते. पट्ट्या काळ्या पडताहेत. आधी घोटे. मग गुडघे. काल एक मनगट.

आणि रांगेतल्या वस्तू रोज एकेक कमी होताहेत. काठी पहिल्यांदा गेली. मग सपाता. धाकटीने सगळं घर धुंडाळलं. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिलं.

काल तिला पहिल्यांदा वाटलं, की बाबांना इथून हलवावं. दवाखान्यात न्यावं. कुठेही न्यावं, त्या बागवाल्या निवासातसुद्धा. ज्या घरातून त्यांना कोणी हलवू नये म्हणून ती भांडली, त्याच घरातून. पण चार मजले त्यांना उचलून उतरवायला दुसरा माणूस हवा. तिने दादाला फोन लावला.

फोन वाजत राहिला. मग निरोप आला. 'रस्त्यात आहे. पोचून बोलतो.'

धाकटीला हसू आलं. हसताहसता डोळे भरून आले. इतक्या महिन्यांनी.

"कोणाला फोन लावतेस गं?" बाबांनी पडल्यापडल्या विचारलं.

"दादाला. तो आला की आपण जरा मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ, बाबा."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. चेहऱ्यावर मात्र तेच हसू होतं, त्या रविवारचं.

"राहू दे," ते म्हणाले. "तो येईपर्यंत आमचं आवरून होईल."